भोपळा कापला आणि आत रोपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी माघ-फाल्गुन लागला की हा प्रश्न येतोच. दिवाळीच्या सुमाराला वेलावरून उतरवलेला लाल भोपळा कुणीतरी माळ्यावरून खाली काढतं, विळीवर धरून दोन भाग करतं, आणि आत बियांच्या जागी पांढऱ्या-पिवळ्या रोपांचं जंजाळ दिसतं. मग फोटो येतो, खाली दोनच शब्द: "टाकू का?" त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. त्यामागून येणाऱ्या प्रश्नांना मात्र एक शब्द पुरत नाही, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवते आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. इथे भोपळा म्हणजे लाल, तांबडा भोपळा. कुणाकडे तो डांगर, कुणाकडे गंगाफळ, कुणाकडे काशीफळ. विदर्भात त्यालाच कोहळं म्हणतात. गोव्यात तो दुदी, त्यामुळे पुण्याचा माणूस म्हापशाच्या बाजारात दुधी मागायला गेला की पिशवीत भलतंच पडतं.

आत मोड आलेला भोपळा खाल्लेला चालतो का?

चालतो. मोड, मुळं आणि त्यांच्याभोवतीची जाळी चमच्याने खरवडून काढा आणि मग गर बघा. गर घट्ट आहे, रंग केशरी आहे, वास नेहमीसारखा गोडसर आहे, तर भाजी करा, घारगे करा, काहीही करा.

टाकायचा कधी? बोटाने दाबल्यावर गर पिचत असेल, पाणी सुटून चिकट झाला असेल, आंबूस वास येत असेल, किंवा कच्ची फोड जिभेला कडू लागली, तर. यातलं एक जरी असलं तरी मोड असोत-नसोत, भोपळा खतात जाऊ दे. मोड म्हणजे भोपळ्याचं वय झालं एवढंच. सडणंही जुन्याच भोपळ्यात होतं, म्हणून दोन्ही गोष्टी कधीकधी एकत्र सापडतात आणि मोडांवर उगाच आळ येतो.

एका बाजूला थोडी बुरशी आहे. तेवढा भाग कापून बाकीचा वापरू का?

बुरशी फक्त सालीवर किंवा देठापाशी असेल आणि खालचा गर कडक असेल, तर दोन-तीन बोटं जास्तीचा भाग काढून मी बाकीचा वापरते. बुरशी बियांच्या पोकळीत पोचली असेल तर मात्र नाही. तिथला गर मऊ आणि ओला असतो, बुरशी दिसते त्याच्या पुष्कळ पुढे गेलेली असते.

पण हे आत नेमकं चाललंय काय?

आमच्या पडवीतला एक भोपळा गेल्या शिमग्याआधी कापला, तेव्हा नीट बघायचं ठरवलं होतं. बाहेरून साल खडखडीत, कुठे डाग नाही. आत पोकळीत तीसेक बिया रुजलेल्या. प्रत्येकीच्या टोकदार बाजूने पांढरं मूळ निघालेलं, त्याला केसांसारखी उपमुळं, आणि ती सगळी गराच्या धाग्यांत अशी शिरली होती की धागा कुठला आणि मूळ कुठलं, ते ओढून बघितल्याशिवाय कळेना. देठं वाट सापडेल तशी वळलेली, काही गोल गुंडाळलेली. वरची दोन जाड पानं फिकट लिंबाच्या रंगाची, उजेड न मिळाल्यामुळे. बऱ्याच जणांच्या डोक्यावर टरफलाची टोपी तशीच. एक रोप ताटलीत खिडकीशी ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानं हिरवट झाली.

म्हणजे आत जे झालं ते तुम्ही आळ्यात बी टोचता तेव्हा होतं तेच, फक्त मातीऐवजी भोपळ्यात. फळाच्या आत, आईच्या अंगावरच बी रुजण्याच्या या प्रकाराला वनस्पतिशास्त्रात व्हिव्हिपॅरी म्हणतात. त्यात रोग नाही, कीड नाही.

मग प्रत्येक भोपळ्यात का होत नाही? आत पाणी तर असतंच.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. पिकलेल्या भोपळ्यात गराला भरपूर पाणी असतं, बाहेर ऊब असते, बी तयार असतं. रुजायला लागतं ते जवळजवळ सगळं हजर. तरी महिनोन्‌महिने बी गप्प बसतं, कारण फळ त्याला बसवून ठेवतं.

कसं, तर दोन-तीन तऱ्हांनी. फळात आणि बियांत अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक असतं, ते बीला "अजून नाही" असं सांगत राहतं. दुसरं, गरातल्या पाण्यात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते पाणी बीला सहज ओढून घेता येत नाही. पाकातल्या आवळ्याचं पाणी उलट बाहेर येतं ना, त्याच जातीचं हे गणित. तिसरं, बंद पोकळीत हवा कोंडलेली असते आणि रुजणाऱ्या बीला प्राणवायू लागतो.

भोपळा म्हातारा होत जातो तशी ही पकड सैल पडते. संप्रेरकाचं प्रमाण उतरतं, रुजायला ढकलणाऱ्या जिबरेलिनचं पारडं जड होतं, गराच्या पेशी फुटून पाणी मोकळं होतं. त्यात बाहेर ऊन वाढलं की झालंच. भोपळ्याचं बी १५-१६ अंशांच्या खाली फारसं हलत नाही आणि ३०-३५ अंशांवर सगळ्यात जोरात रुजतं. आपल्याकडे फाल्गुनात पत्र्याखालच्या माळ्यावर हेच तापमान असतं. म्हणून हे फोटो पौषात येत नाहीत.

उलट टोकाचं उदाहरण बघायचं तर मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जा. तंबोऱ्याला आणि सतारीला लागणारे मोठाले कडू भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. ते वेगळ्या कुळीचे, दुधीचे भाऊबंद. वाळले की हलवल्यावर आत बिया खुळखुळतात आणि एकही रुजत नाही, कारण आत पाण्याचा थेंब उरलेला नसतो. लाल भोपळा असा सुकत नाही, त्याच्या जाड गरात ओल टिकते. ती ओल म्हणजेच त्याची भाजी आणि तीच त्याची अडचण.

मला वाटलं अळ्या आहेत. मुळं की अळ्या, कसं ओळखायचं?

घाबरून अख्खा भोपळा खिडकीतून बाहेर फेकल्याच्या हकिकती मला कळल्या आहेत, त्यामुळे हे नीट सांगते.

मुळाचं एक टोक बीला जोडलेलं असतं. ओढलं की टरफल हातात येतं. ते हलत नाही, बारीक होत जातं, त्याला फाटे फुटलेले असतात.

अळी असेल तर ती फळमाशीची असण्याची शक्यता जास्त. भोपळा, दोडका, कारली, काकडी या सगळ्यांचा हा जुना शत्रू. माशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळ्या आत गर खात वाढतात. त्या पांढुरक्या, एका टोकाला निमुळत्या, वळवळणाऱ्या असतात आणि कधीकधी टुणकन उडीही मारतात. त्यांच्या आजूबाजूचा गर तपकिरी, पाणचट, कुजका असतो आणि सालीवर शोधलं तर जुनी टोचणीची खूण किंवा खड्डा सापडतो. असा भोपळा मात्र खायचा नाही आणि उघड्या उकिरड्यावरही टाकायचा नाही. अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढच्या वेलाला माश्या तयार. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग टाका.

बटाट्याला कोंब आले की खाऊ नये म्हणतात. मग भोपळ्याला वेगळा न्याय का?

कारण कुळं वेगळी. बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला. हिरव्या पडलेल्या आणि कोंब आलेल्या बटाट्यात सोलॅनिनसारखी द्रव्यं वाढतात आणि ती पोटाला त्रास देतात. शिवाय आपण बटाट्याचा जो भाग खातो त्याच भागातून कोंब निघतो. भोपळ्यात सोलॅनिन नसतं. रुजतं ते बी, आणि आपण खातो तो गर बीच्या भोवतीचा.

गर ओरबाडून रोपं वाढतात असाही एक समज आहे. ती गरातून पाणी घेतात, पण वाढीचं इंधन बीच्या आतल्या त्या दोन जाड दलांत असतं. तिथे तेलच ४०-५० टक्के. मोड आले म्हणजे भोपळ्यातला कस गेला, हे म्हणूनच खरं नाही.

गर कडू लागला तर?

तर थुंका, आणि अख्खा भोपळा टाका. शिजवून कडूपणा जाईल, गूळ घालून झाकला जाईल, असलं काही मनात आणू नका.

भोपळावर्गातल्या झाडांत कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. आपल्या खाण्यातल्या वाणांत ती फळात नगण्य राहतील अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या झाली आहे, पण एखाद्या फळात ती अचानक वाढू शकतात. ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. दुधीच्या कडू रसाने आपल्या देशात माणसं गंभीर आजारी पडली आहेत, काही दगावलीही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर वापरू नका. तोच नियम लाल भोपळ्याला लावा, मोड आलेले असोत वा नसोत. मी कुठलाही भोपळा चिरला की नखाएवढी कच्ची फोड आधी जिभेवर ठेवते. दोन सेकंदांचं काम आहे.

त्या मोडांची उसळ होईल का? मूग-मटकीसारखी?

उसळ घातलेलं ताट समोर आलं की मोडांना घाबरणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. पण इथे नको. वर सांगितलेली कडू द्रव्यं कोवळ्या रोपांत असू शकतात. मी एकदा एक पान चाखलं, कडवट लागलं, तोंड धुतलं. शिवाय बंद, उबदार, ओल्या पोकळीत किती दिवस काय वाढलं याचा हिशोब आपल्याकडे नसतो. मूग आपण धुऊन, भिजवून, फडक्यात बांधतो आणि दुसऱ्या दिवशी शिजवतो. दोन्हींची तुलना नाही.

भोपळ्याच्या वेलाची कोवळी पानं, शेंडे आणि नर फुलं यांची भाजी वेगळी. ती वेल मातीत वाढल्यावरची, आणि फारच छान लागते.

मोड आलेल्या भोपळ्याची चव उतरते का?

थोडी बदलते. उतरवल्यानंतर पहिले काही आठवडे गरातल्या पिठाची साखर होत असते, म्हणून महिना-दीड महिना ठेवलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. त्यापुढे मात्र गर हळूहळू पाणचट आणि धाग्याधाग्यांचा होत जातो. मोड आलेला भोपळा साधारण या उतारावर असतो.

त्यामुळे पदार्थ निवडून करावा. फोडी अख्ख्या राहायला हव्यात अशी बाकरभाजी जमत नाही, फोडी विरघळतात. भरीत, रायतं, सांबार, सूप उत्तम. आणि घारगे, पण एका सावधगिरीने. गर पाणचट असला की किसात गूळ घातल्यावर पातेल्यात अक्षरशः रस्सा होतो. तो पाहून आपण कणीक वाढवत जातो, आणि घारगे चामट होतात, भोपळ्याची चवही मागे पडते. तसं न करता कीस आधी गुळाशिवाय, झाकण न ठेवता, तुपावर परतून पाणी आटवा. कीस कढईची कड सोडायला लागला की मग गूळ, तोही नेहमीपेक्षा कमी, कारण जुना भोपळा मुळात गोड असतो. चिमूटभर मीठ, थोडी तांदळाची पिठी, आणि कणीक मावेल तेवढीच. भिजवताना पाणी अजिबात नाही.

आतल्या बाकीच्या बियांचं काय करू?

न रुजलेल्या, टणक बिया धुऊन, पुसून, सावलीत वाळवून भाजून खा. फुगलेल्या किंवा टोकाला तडकलेल्या बिया वेगळ्या काढा, त्या भाजल्या तरी चव येत नाही. त्या एक तर लगेच पेरा नाही तर खतात टाका. एकदा रुजायला लागलेलं बी पुन्हा वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही, वाळवलं की मेलं. राखेत घोळवून डब्यात ठेवायच्या त्या फक्त पूर्ण बंद बिया.

रोपं लावली तर जगतील?

काही जगतात. अपेक्षा निम्म्याची ठेवा, जास्त जगली तर आनंद.

ओढून काढू नका. गराचा तो भाग चमच्याने उचलून पाण्याच्या भांड्यात ठेवा, धागे मऊ पडले की रोपं बोटांनी सुटी करा. सगळ्यात लहान, जेमतेम मूळ फुटलेली घ्या. लांबलचक गुंडाळलेल्या देठांची रोपं दिसायला जोरदार, पण बाहेर काढल्यावर माना टाकतात. भोपळ्याच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही, म्हणून थेट जागेवर लावा किंवा कागदी पेल्यात, करवंटीत, जे पुढे तसंच जमिनीत जाईल त्यात. देठ दोन दलांच्या खालीपर्यंत मातीत पुरा. टरफलाची टोपी अडकली असेल तर ओली करून हलक्या हाताने काढा. पहिले तीन-चार दिवस सावली, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. अंधारात वाढलेलं रोप थेट चैत्रातल्या उन्हात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत जळतं. माझी पहिल्या खेपेची नऊ रोपं अशीच गेली.

वेळेचा प्रश्न उरतो. आपल्याकडे भोपळा मुख्यतः पावसाच्या तोंडाशी आणि उन्हाळी पीक म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. फेब्रुवारीत सापडलेली रोपं पाणी असेल तर चालून जातील. एप्रिलमध्ये सापडली तर पाण्याचा आणि उन्हाचा विचार करून मगच हौस करा. वेलाला आठ-दहा फूट पसरायला जागा किंवा मांडव लागतो. बाल्कनीतल्या कुंडीत तो फुलं देईल, भोपळ्याची खात्री नाही.

त्या वेलाला तसाच भोपळा लागेल का?

सांगता येत नाही. भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, परागकण मधमाश्या नेतात, आणि शेजारच्या मळ्यातला दुसरा वाण बीत केव्हाच मिसळलेला असू शकतो. बाजारातला भोपळा संकरित असेल तर पुढच्या पिढीत आकार, रंग, चव पसरतात. घरचंच बी असेल आणि आसपास दुसरा भोपळा नसेल तर बराचसा आईवर जातो.

दुधी शेजारी असला म्हणून बिघडत नाही, दोघांची प्रजातच वेगळी, त्यांचा संकर होत नाही. शोभेचे रंगीत छोटे भोपळे मात्र जपून. त्यांच्या वर्गातल्या खाण्याच्या वाणांशी त्यांचा संकर झाला की कडू फळं येऊ शकतात. कुठल्याही आपोआप उगवलेल्या वेलाचं पहिलं फळ चाखूनच शिजवा.

हे हायब्रीड किंवा इंजेक्शन दिलेल्या भोपळ्यात होतं, असा निरोप फिरतोय.

फिरू दे. फ्रीज येण्याच्या आधीपासून कोकणातल्या घरांत वाशाला टांगलेल्या भोपळ्यांत आणि तवशांत, म्हणजे मोठ्या काकड्यांत, मोड येत आले आहेत. सरकारी संशोधन संस्थेचा वाण असो, बंगळुरूच्या फलोद्यान संस्थेचा 'अर्का चंदन' म्हणा किंवा आजीने राखेत ठेवलेलं बी, पिकलेलं जिवंत बी ऊब आणि ओल मिळाली की रुजतं. मोड येणं हा उलट बी पूर्ण तयार झाल्याचा पुरावा आहे.

मोड न येता जास्तीत जास्त किती दिवस टिकतो, आणि ठेवायचा कसा?

थंड प्रदेशात, १०-१५ अंश आणि कोरडी हवा मिळाली तर आपल्या भोपळ्याच्या प्रजातीची फळं दोन-तीन महिने उत्तम राहतात. काही मोठे जाड सालीचे, वेगळ्या प्रजातीचे भोपळे पाच-सहा महिनेही राहतात. आपल्याकडे १५ अंशांची खोली कुणाकडे आहे? नाशिक-जुन्नरच्या थंडीत पौषापर्यंत छान चालतं. कोकणात हवा दमट, तिथे मोडांच्या आधी बुरशीची काळजी. माझा नियम असा की दिवाळीचा भोपळा शिमग्याच्या आत संपवायचा. त्यानंतर तो टिकतो, पण आत काय असेल ते त्याचं त्याला माहीत.

टिकण्याचा निम्मा निकाल उतरवतानाच लागतो. वेलाचं देठ वाळून बुचासारखं खरखरीत व्हावं, सालीत नख रुतू नये, तेव्हा भोपळा तयार. साधारण तीन-चार बोटं देठ ठेवून कापा. देठाला धरून उचलू नका. देठ तुटलं की त्या खळग्यातून सड आत शिरते, आणि मी टाकलेल्या भोपळ्यांपैकी बहुतेक इथूनच गेले. मग आठ-दहा दिवस उबदार, वाऱ्याच्या जागी, पावसापासून आणि दवापासून लांब ठेवून साल टणक होऊ द्या. धुवायचं नाही, माती कोरड्या फडक्याने पुसा.

ठेवताना थेट फरशीवर नको. फळीवर पेंढा किंवा पोतं घालून, एकमेकांना न चिकटवता ठेवा. सुंभाच्या शिंक्यात टांगण्याची जुनी रीत उगाच नव्हती, चारी बाजूंनी वारा लागतो आणि उंदीरही पोचत नाही. पत्र्याखालचा माळा टाळा, तिथे मोडांना आमंत्रण. आंब्याच्या आढीशेजारीही नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने भोपळा लवकर म्हातारा होतो. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येकाला उलटून खालची बाजू बघा. ज्याला मऊ ठिपका दिसेल तो त्याच दिवशी विळीवर. विळ्या-भोपळ्याचं सख्य वेळेवर झालेलं बरं.

फ्रीजमध्ये अख्खा ठेवला तर मोड थांबतील?

थांबतील, पण भोपळा बिघडेल. १० अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते, बाहेर काढल्यावर डाग पडून लवकर सडतो. कापलेला भोपळा मात्र फ्रीजमध्येच, बिया आणि जाळी काढून, तीन-चार दिवस. जास्त असेल तर उकडून, घोटून फ्रीझरमध्ये.

न कापता बाहेरून ओळखता येतं का?

नाही. वजन हलकं लागणं, वाजवल्यावर पोकळ आवाज, हे जुनेपणाचे अंदाज झाले, मोडांचे नव्हेत.

आणखी कुठल्या फळांत असं होतं?

पपई, टोमॅटो, लिंबू यांत अधूनमधून. अति पिकलेल्या फणसात आठळ्यांना मोड येतात, कारण आठळी वाळून झोपून राहणाऱ्यांतली नाहीच. शेतातही याचेच भाऊबंद भेटतात. परतीचा पाऊस लांबला की काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांत आणि ज्वारीच्या कणसात दाणे रुजतात, आणि उपट्या भुईमुगाच्या शेंगा जमिनीतच कोंब काढतात. शेतकऱ्याला तिथे व्हिव्हिपॅरी हा शब्द सांगायला जाऊ नका.

चायोट नावाचा एक वेल भोपळ्याच्याच कुळातला, दक्षिणेत त्याची भाजी होते. त्याच्या फळात एकच बी असतं आणि ते फळातच रुजतं. लावायचं तर अख्खं फळच लावतात.

खरा उस्ताद मात्र आपल्या खाडीत आहे. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर लांब हिरव्या शेंगेसारखा मोड फांदीला लोंबत राहतो. तयार झाला की गळून चिखलात उभा रुततो, किंवा भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे जाऊन लागतो. खाऱ्या, हलत्या पाण्यात बीने रुजायची वाट बघत बसणं परवडणारं नाही, म्हणून ही सोय. भोपळ्यात जे म्हातारपणी चुकून होतं, ते कांदळात नेमाने होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जाल तेव्हा ओहोटीच्या वेळी बघून या.

आम्ही अमेरिकेत असतो. बटरनट स्क्वॉशमध्ये असंच झालं. वरचं सगळं लागू आहे का?

हो. बटरनट आणि आपला नेहमीचा लाल भोपळा एकाच प्रजातीतले, मूळचे दोघेही अमेरिका खंडातलेच. (उपवासाला चालणारा हा भोपळा समुद्र ओलांडून आलेला पाहुणा आहे, हे पुष्कळांना खटकतं.) ऑक्टोबरात आणलेलं बटरनट तापवलेल्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं तर २० अंशांच्या पुढची ऊब त्याला सतत मिळते. गॅरेज किंवा तळघर बरं, तिथलं तापमान १० अंशांच्या खाली जाणार नाही एवढं बघा. फेब्रुवारीत रोपं सापडली तर लावायचा मोह आवरा. बाहेर बर्फ असताना खिडकीत वाढवलेली रोपं महिन्याभरात कुंडीबाहेर जातात, आणि शेवटचं हिमदव होऊन जाईपर्यंत त्यांना जागा नसते. बंद बिया धुऊन वाळवा, मे महिन्यात पेरा.

घरात असं उगवणं शुभ की अशुभ?

दोन्ही सांगणारे भेटतात. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही अशी रीत होती, म्हणून सासूबाई शेजारच्या पोराला हाक मारायच्या. एकदा आत मोड निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "लक्ष्मी आहे, टाकू नका." शेजारच्या काकूंच्या मते अवदसा. भाजी दोघींनी खाल्ली.

भाजीवाल्याकडून आणलेल्या पावशेर फोडीत मोड निघाले. परत करू का?

अख्ख्या भोपळ्यात आत काय आहे ते त्यालाही कापल्यावरच कळतं, आणि मोडांसाठी भांडण्यात अर्थ नाही. पण फोड घेताना दोन गोष्टी बघा. कापलेली बाजू कोरडी, घट्ट आणि एकरंगी हवी. आणि पोकळीची जागा ओरबाडून अगदी स्वच्छ केलेली असेल, गर चिकट चमकत असेल, तर त्याने काय काढून टाकलं ते विचारा. मोड म्हणाला तर घ्या, पण पैसे थोडे कमी करून घ्या. काहीच सांगेना, तर दुसरा गाळा बघा.